राखेची अकरा झाडं

मांडवगण फराटा
६ नोव्हेंबर २०२४

चि. विश्वजीत,

फोन लावला की तू "आत्या, मीटिंगमधी हाय" म्हणतोस. कागदाला मीटिंग नसती. म्हणून माझ्या नातीला, तेजश्रीला, कॉलेजवरनं आल्या आल्या खाली बसवलंय. मी बोलते, ती लिहिते. मला अक्षर येत न्हाई, पण लिहिलेलं परत वाचून घ्यायची अक्कल हाय, तवा पोरीनं काय गाळलं तर मला कळतं. पत्र तुझ्या घरी न टाकता सोसायटीच्या हापिसात टाकलंय. तिथं चार माणसं बसलेली असत्यात. त्यांनाबी कळू दे, चेअरमनला आत्या हाय.

भाऊबीजेला खुटबावला आले. तुझ्या बापाला, सर्जाला, ओवाळलं. तुझ्या बायकोच्या हातच्या करंज्या खाल्ल्या. करंज्या बऱ्या होत्या. पण निघताना जे कळलं त्यानं त्या अजून गळ्याशी हायेत.

डांबरीवर शंभूची सीमा भेटली. भाऊकीतला शंभू जाऊन तीन वरसं झाली, ती एकटी त्या दोन एकरांत राबती. गाडी थांबवून म्हणाली, "आत्याबाई, माझा ऊस तोडीला आलाय आन् बाहेर काढायला वाट न्हाई. वाटंच्या तोंडावर तुमच्या आईची झाडं हायेत."

मला वाटलं, बाईला नवऱ्यामागं भ्रम झाला. आई श्रावणात गेली. सावडायच्या दिवशी तू म्हणालास, राख नदीत नको, आपल्याच रानात खड्डे घेऊ, त्यात राख टाकून आंब्याची रोपं लावू. सगळे म्हणाले, वा. मीबी म्हणाले, वा. एक रोप मीच लावलं. कुठलं ते ध्यानात न्हाई, डोळ्याला पाणी होतं. त्यात वाईट काय?

गाडी मागं फिरवाय लावली आन् खाली उतरले. आपल्या रानाच्या कडंनं डांबरीला लागून ओळीनं अकरा रोपं. प्रत्येकाला हिरवी जाळी, प्रत्येकाला पत्र्याची पाटी. मी वाटंजवळच्या जुन्या लिंबाच्या झाडावरनं अंदाज घेतला, मग पावलं मोजली. अरे इशा, पयली दोन झाडं बरोबर गाडीवाटंच्या तोंडावर हायेत! आत वाट न्हाईच. जेसीबी फिरवून बांधाकडंची सगळी वाट रानात मिळवलीस. सीमाचं रान आपल्या रानामागं. तिच्या एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला लोकांचा ऊस. ती काय ऊस डोक्यावर घेऊन उडणार हाय?

तिनं तुला इचारलं तवा तू म्हणालास म्हणं, "वहिनी, झाडं माझी असती तर काढली असती. ती आजीची हायेत."

हरामखोरा. (आजीने यापुढे आणखी दोन शब्द सांगितले, ते मी लिहिलेले नाहीत. विश्वजीतकाका, सॉरी. — तेजश्री)

पोरीनं गाळलं. जाऊ दे. तुला ते ठाव हायेत, लहानपणी माझ्याकडूनच शिकलास. एवढंच सांग, तुला हे कळून झालं का न कळून? न कळून असंल तर दोन झाडं बाजूला घे आन् वाट मोकळी कर, मी पुन्हा हा विषय काढणार न्हाई. कळून असंल तर कागद घेऊन बस आन् लिव्हून सांग. फोन करू नको, मी मीटिंगमधी हाय.

तुझी आत्या
साळूबाई


खुटबाव
१४ नोव्हेंबर २०२४

ती. साळूआत्यास विश्वजीतचा नमस्कार.

आपले पत्र सचिवांनी ऑफिसात सर्वांदेखत माझ्या हातात दिले. पाकीट आधीच थोडे उघडलेले होते. यापुढे कृपया घरच्या पत्त्यावर पाठवावे. आपण फोन उचलत नाही, म्हणून मीही कागदच घेतला आहे.

आपण ज्या भाषेत लिहिले त्याचे वाईट वाटले. आजीची माया मलाही होती. शेवटची चार वर्षे ती अंथरुणाला होती. तिला न्हाऊ घालणे, भरवणे, सगळे आमच्या घरात झाले. तेव्हा कुणी पत्र लिहून विचारले नाही.

रक्षाविसर्जनाचा निर्णय सर्वांच्या संमतीने झाला. नदी प्रदूषित करण्यापेक्षा झाड लावावे, ही चांगलीच गोष्ट आहे. पेपरात 'धुरपदाबाई स्मृतिवन' म्हणून बातमी आली. आजूबाजूच्या गावांतून लोक पाहायला येतात. आजीला झाडांची आवड होती, हे आपणही जाणता.

आता वाटेबद्दल. आत्या, ती वाट नकाशात नाही, सातबाऱ्यावर नाही, कोणत्याही कागदावर नाही. आजीने माणुसकी म्हणून त्या लोकांना जाऊ दिले. आजी होती तोवर ते चालले. मला त्या जागेवर लॉन्स करायचे आहे. शेतीत आता काय राहिले आहे? लग्नकार्यासाठी रस्त्यालगत सलग जागा लागते. मधून उसाचे ट्रॅक्टर जाऊ लागले तर मांडव कुठे घालायचा? सीमावहिनींना मी त्यांच्या रानाचा चांगला भाव देऊ केला आहे. एकट्या बाईने किती दिवस राबायचे?

शिवाय मी कुणालाही अडवलेले नाही. त्यांनी तलाठ्याकडे तोंडी तक्रार केली. माणसे आली, पाट्या वाचल्या, हात जोडून परत गेली. ऊसतोडीच्या मुकादमाला मी स्वतः म्हणालो, बघा तुम्हाला जमत असेल तर. त्याने कानाला हात लावले. म्हातारीच्या राखेला हात लावायला गावात कुणी तयार नाही, त्याला मी काय करणार?

तब्येतीस जपावे. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन लवकर करून घ्यावे.

आपला
विश्वजीत


मांडवगण फराटा
१९ नोव्हेंबर २०२४

चि. विश्वजीत,

म्हंजी कळून केलंस. बरं झालं सांगितलंस. मी उगीच चार रोज तुझी बाजू घेत बसले होते.

तुझ्या बायकोनं, राजश्रीनं, आईचं केलं. हे खरं, आन् मी तिच्या पाया पडायला तयार हाय. पण ते तिनं केलं. तू काय केलंस? सोसायटीच्या इलेक्शनला खुर्चीत घालून तिला मतदानाला नेलंस आन् फोटो काढलास. दुसऱ्याच्या कष्टाची पावती आपल्या नावावर फाडू नको.

आजीला झाडांची आवड होती म्हणतोस! तिनं उभ्या जन्मात एकच झाड लावलं, शेवग्याचं, तेबी शेंगांपायी. आंब्याचं तर तिला वावडं. म्हणायची, "आंबा लावावा आन् मोहोर बघत मरावं, त्यापरीस मेथी लावावी, महिन्यात ताटात." तिला आवड कशाची होती ते तुला मी सांगते, कारण पेपरवाल्याला तू सांगितलं न्हाईस.

माझा बाप गेला तवा मी नऊ वरसांची आन् तुझा बाप पाळण्यात. तवा डांबरी नव्हती. गाडीवाट वढ्याकडनं होती. म्हंजी शंभूच्या आज्याचं, गेनबाचं, रान पुढं होतं आन् आपलं मागं. आमचंच रान कोंडलेलं! आपली भाऊकी गेनबाकडं गेली. म्हणाली, "वाट बंद कर. रांडमुंड बाई, दोन पोरं. माल निघाला न्हाई की जाईल माहेरी, रान आम्ही बघतो." एका सकाळी आम्ही गेलो तर वाटंवर बाभळीच्या काटेरी फेसाट्या. आई तिथंच उभी राहिली. माझ्या हातात भाकरीचं गठुळं, तिच्या कडंवर सर्जा. ती रडली न्हाई. मला म्हणाली, "साळे, तू मागं हो," आन् हातानंच काटं वढाय लागली. तेवढ्यात गेनबा आला. मला वाटलं, आता मारतोय. त्यानं पागोटं काढून हाताला गुंडाळलं आन् दुसऱ्या बाजूनं काटं वढाय लागला. तोंडानं एवढंच म्हणाला, "धुरपदा, हे मी टाकल्यालं न्हाई. पण माझ्या रानात हाय, तवा काढायचं माझं काम."

त्या वरसाचा शाळू त्या वाटंनं घरी आला. तू चेअरमन हायेस तो त्या शाळूवर.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. आईनं दुष्काळी कामावर खडी फोडली. कुठल्या रस्त्याची? ज्या डांबरीच्या कडंला तू जाळ्या लावल्यास, त्याच रस्त्याची. मग पाट निघाला, त्यानं वढ्याकडची वाट तोडली. डांबरी झाली ती आपल्या अंगाला. जे मागं होते ते पुढं आले, पुढचे मागं गेले. गेनबा दारात आला, पागोट्याला हात घातला. आई म्हणाली, "भाऊजी, पागोटं काढू नका. उद्यापासनं आमच्या बांधानं गाडी घाला." झालं. कागद कुणी केला न्हाई, कारण दोघांनाबी लिहाय येत नव्हतं. लिहिता येणारा पुढं घरात जन्माला येणार हाय, हे तिला कुठं ठाव!

आन् तिला आवड होती त्या वाटंची. ऐंशी वरसांची झाली तरी काठीनं वाटंवरचा काटा, दगूड बांधाला लोटत जायची. मी थट्टा करायची, "आई, पीडब्ल्यूडीत हायेस का गं?" तर म्हणायची, "अनवाणी बाया जात्यात."

त्या बाईला तू कुंपण केलंस. भाऊकीला फेसाट्या तरी लागल्या. तुला तेवढंबी लागलं न्हाई, आजी पुरली.

दोन झाडं काढ. तोडीची टोळी गावात हाय तोवर काढ.

आत्या


खुटबाव
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

गेनबाची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. खरी असेल. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय दिले यावर आज जमिनी चालत नाहीत.

आपण मला चार लोकांत खाली पाहायला लावले, म्हणून मलाही एक गोष्ट सांगावी लागते. सोबत सावडण्याच्या दिवशीचा फोटो पाठवत आहे. तेजश्रीला दाखवा. पहिल्या झाडाच्या खड्ड्यात पहिली मूठ टाकणारी बाई कोण आहे, ते ती सांगेल.

भाऊबीजेला आपण त्या झाडापुढे उभ्या राहिलात. आपल्याला पाटी वाचता येत नाही, म्हणून लिहितो. पहिल्या पाटीवर आहे, 'कन्या साळूबाई यांच्या हस्ते'. दुसरीवर, 'पुत्र सर्जेराव यांच्या हस्ते'. वाट अडली असेल तर आधी तुमच्या हाताने अडली, मग आबांच्या. मी तिसरा.

यापुढे या विषयावर पत्रव्यवहार नको.

विश्वजीत


मांडवगण फराटा
५ डिसेंबर २०२४

सर्जा,

हे पत्र तुला हाय. तुझ्या लेकानं आधी फोडलं तरी चालंल.

त्यानं मला फोटो धाडला. फोटोत मी हाय. वाकलेली, डोक्यावर पदर, मुठीत आई. दोन रोज मला जेवण गेलं न्हाई. तेजूला म्हटलं, "ह्यात माझे पाय कुठं हायेत बघ." ती म्हणाली, "आजी, चिखलात हायेत." मी म्हटलं, "अगं, पण कुठल्या चिखलात?"

त्या दिवशी मांडव घातलेला, वाट जेसीबीनं आधीच मोडलेली, माझा डावा डोळा मोतीबिंदूनं गेलेला. कुणीतरी कोपर धरून नेलं, म्हणालं, "हितं टाका." मी टाकली. आईची राख मुठीत असताना आपण कुठं उभं हाय ते कोण बघतं? तुझ्या लेकाला हे ठाव होतं. म्हणून त्यानं तोंडावरची दोन झाडं आपल्या दोघांना दिली. नातवाचं झाड एखाद्यानं उपटलंबी असतं. लेकीचं आन् लेकाचं कोण उपटतो? डोकं हाय पोराला. चांगल्या कामाला लावलं असतं तर आमदार झाला असता.

सीमा त्या दिवशी माझ्यापुढं उभी होती. तिला वाचता येतं. पाटीवर माझं नाव तिला दिसत होतं. तरी ती म्हणाली, "तुमच्या आईची झाडं." "तुम्ही लावलेलं" म्हणाली न्हाई. मला उभ्या जागी लाज वाटाय नको, म्हणून त्या पोरीनं एवढं गिळलं. आन् आपण?

मी आंधळी तरी होते. तू? तुझे डोळे धड हायेत. त्या वाटंनं तू चाळीस वरसं बैलं नेलीस. तुझ्या मुठीत राख होती तवा पायाखाली काय हाय ते तुला ठाव नव्हतं व्हय? ठाव होतं. लेकापुढं बोलायचं न्हाई म्हणून गप बसलास. बैठकीत बसून मिशीला पीळ देतोस, आन् घरात सून चहा ठिवून जाती तेवढंच बघतोस. आईनं तुला कडंवर घेऊन काटं वढलं होतं रे. तिच्या हाताचं रगत तुझ्या झबल्याला लागलं होतं. मी धुतलं होतं ते झबलं.

आता ऐक. मंगळवारी, सतरा तारखेला, मी सकाळच्या यष्टीनं येते. खुरपं घेऊन येते. माझं झाड मी काढणार. कुणाला बोलवणार न्हाई, कुणाला हात लावू देणार न्हाई. माझ्या एका झाडाच्या जागेतनं बैलगाडी कशीबशी निघंल. ट्रॅक्टर निघायला दोन्ही काढावी लागत्यात, आन् टोळी एकोणीसपातुर हाय. पण तुझ्या झाडाला मी शिवणार न्हाई. तिथं तुझ्या हातानं टाकलेली आई हाय. ती तुझी तू बघ.

येशील तर ये. न्हाई आलास तर पुढच्या भाऊबीजेला ताट मांडू नको.

साळू


खुटबाव
३० डिसेंबर २०२४

आत्या,

मीच म्हणालो होतो पत्रव्यवहार नको. पण तुम्ही जे केलेत त्यानंतर गप्प राहणे शक्य नाही.

मला ऑफिसात फोन आला, "साहेब, तुमची आत्या रस्त्यावर बसून झाड खणतीय." मी आलो तेव्हा साठ-सत्तर माणसे जमली होती. जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या. तुम्ही मातीत फतकल मारून खुरप्याने खड्डा उकरत होता आणि प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "लांब व्हा, माझी आई हाय, मी बघते." सीमावहिनी पाणी घेऊन आल्या, त्यांनाही हाकलले. मी हवालदारांना बोलावले. हो, बोलावले. त्यांनी विचारले, "आजी, झाड कुणाचं?" तर तुम्ही म्हणालात, "मला वाचाय येत न्हाई, पाटी तूच वाच." त्यांनी वाचली. म्हणाले, "मग तुमचंच की," आणि समोरच्या टपरीवर चहाला गेले. सगळे हसले. माझ्यावर.

हेही सोसले असते. पण आबा घरातून अनवाणी आले. अकरा वाजताचे ऊन. त्यांना दम लागतो, गोळ्या चालू आहेत. गर्दीतून वाट काढत आले, माझ्याकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या झाडापाशी बसले आणि हाताने माती काढू लागले. सत्तरीला टेकलेला माणूस! मी खांद्याला हात लावून म्हणालो, "आबा, उठा, लोक बघतायत." ते म्हणाले, "बघू दे. त्या दिवशी कुणी बघितलं न्हाई." त्यांना काही झाले असते म्हणजे?

दुपारी दोनपर्यंत तुम्ही दोघे तिथे होता. रोपे बाहेर काढली, ठीक. मला वाटले, राखेची माती घेऊन जाल, नदीला सोडाल. तुम्ही ती परत खड्ड्यात लोटलीत! वर पाणी ओतून पायाने चोपलीत. आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून सीमाचा ट्रॅक्टर गेला, उसाने भरलेला. एक नाही, चार खेपा. आजीच्या राखेवरून, आत्या! मी तिला निदान झाडाखाली ठेवले होते. विटंबना कुणी केली, मी की तुम्ही?

त्या दिवसापासून आबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. जेवायला बसतात, उठतात. राजश्रीशी बोलतात, माझ्याशी नाही. तुम्ही बाप आणि लेकात फूट पाडलीत.

ऊस गेला, जाऊ द्या. पण जमीन माझी आहे. पुढच्या आठवड्यात जेसीबी आणून रस्त्याच्या कडेने चर मारणार आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बघू.

विश्वजीत


मांडवगण फराटा
६ जानेवारी २०२५

चि. विश्वजीत,

तुझं पत्र तेजूनं तीनदा वाचलं. दोनदा माझ्यासाठी आन् एकदा तिला हसाय येत होतं म्हणून.

सर्जा तुझ्याशी बोलत न्हाई ते मी शिकवलेलं न्हाई. मला इचारशील तर आमच्या घराण्यात गप बसायची कला तुझ्या बापाइतकी कुणाला आली न्हाई. आजवर तो तुझ्यासाठी गप होता, तवा तुला गोड लागलं. आता तुझ्यावर गप हाय. त्याच्याशी बोलायचं असंल तर जवळ बस आन् इचार, "आबा, आजीनं वाट कशी दिली?" ती गोष्ट त्यालाबी सांगायची हाय. पण इचारताना मोबाईल खाली ठिव.

आता इटंबनेचं. तू इचारलंस म्हणून सांगते. न्हाईतर त्या मंगळवारपासनं मी हे कुणापाशी बोलले न्हाई.

खड्डा उकरला तवा वाटलं होतं, राख दिसंल. काय बी दिसलं न्हाई. श्रावण-भादव्याच्या पावसानं ती मातीत जिरून गेलेली. मी मूठभर माती उचलली, आन् ह्यातली आई कुठली आन् रान कुठलं, मला कळंना. सर्जाला दाखवली. त्यालाबी कळंना. तो लहान पोरागत रडाय लागला, म्हणाला, "आक्का, आता कुठं न्यायची हिला?" तवा माझा राग उतरला. तुझ्यावरचा न्हाई, माझ्यावरचा.

मी म्हटलं, "कुठं न्यायची? ती वाटंवरच हाय की."

म्हणून परत लोटली. झाडं हलवली, आईला न्हाई हलवलं. एक रोप सर्जाच्या दारात लावलं, एक मी आणलंय. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? तुला पुरून उभी केलेली आजी पायजे होती, कुणाला शिवता येऊ नये अशी. मी तिला आडवी केली, पाणी घातलं आन् चोपली. त्या बाईनं सगळा जन्म लोकांच्या पायांत काटा जाऊ नये म्हणून कंबर मोडून घेतली. तिच्यावरनं चार खेपा गेल्या तर ती इटाळती व्हय? पयला ट्रॅक्टर गेला तवा सीमानं चाकापुढं हळदकुंकू टाकलं आन् स्वतः वाटंच्या कडंनं अनवाणी चालली. तू तिथं नव्हतास. हापिसात होतास.

आता चर. मार बाबा चर. जमीन तुझी हाय, मी कोण? फक्त एक गोष्ट तू इसरलास. तूच पेपरात छापून आणलंस, फ्लेक्स लावलंस, माईकवर सांगितलंस की रस्त्याकडंच्या ह्या मातीत धुरपदाबाई हाय. गावानं ऐकलं. तलाठ्याच्या माणसांनी ऐकलं, मुकादमानं ऐकलं. एवढा चांगला प्रचार तू स्वतःच्या इलेक्शनला केला न्हाईस. ती माती अजून तिथंच हाय. आता सांग, तिच्यात कुदळ कोण घालंल?

तुझा नेहमीचा जेसीबीवाला हाय ना, वरवंडचा? त्याला मी तेजूकरवी फोन लावला होता. नीट इचारलं, "बाबा, इशाचा चर कवा मारतोस?" तो म्हणाला, "आज्जी, पायजे तर दुसरीकडं मोफत मारून देतो. तिथं न्हाई."

तुझी आत्या
साळूबाई